सोवळ्यातला सतरा नंबर

सतरा नंबर दिसायला अगदी साधा आहे. अंगठ्याच्या नखाहून थोडा मोठा तांब्याचा पत्रा, वर चिमट्यात धरायला बारीकशी शेपटी. वजन पाव ग्रॅमसुद्धा भरत नाही. डबीवर मार्करने लिहिलेलं ‘तांबं १७’ पुसट झालंय, पण त्या नावाने त्याला कुणी हाक मारत नाहीच. ‘आज सतरा नंबर काय म्हणतोय?’ असंच विचारतात. त्याच्या आधीचे सोळा कुठे गेले ते विचारू नये. काही हवेने काळे पडले, दोन माझ्याच हातून वाकले आणि उरलेले बाटले. बाटले हाच शब्द बरोबर आहे.

त्याचं काम सांगायला सोपं. काचेच्या छोट्या सेलमध्ये पोटॅशियम बायकार्बोनेटचं पातळ द्रावण, त्यात खालून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे, आणि मधोमध विजेच्या ऋण टोकाला अडकवलेला हा. वीज सुरू केली की त्याच्या अंगावर येऊन टेकलेल्या कार्बन डायऑक्साइडचं दुसरंच काहीतरी होतं. काय होतं, किती होतं, आणि ते खरोखर यानेच केलं का? माझी नोकरी या शेवटच्या प्रश्नावर चालते. उत्प्रेरक शोधणारे पुष्कळ आहेत. मी त्यांची उलटतपासणी घेते.

या कामात धातूंचे स्वभाव ठरलेले आहेत. सोनं आणि चांदी कार्बन मोनॉक्साइडपर्यंत येऊन थांबतात. श्रीमंत माणसं, अर्ध्या कामावर समाधानी. कथील आणि शिसं फॉर्मिक आम्लाच्या वाटेला जातात, म्हणजे मुंगी चावल्यावर ज्याने आग होते त्याच्या. (म्हणजे आजीच्या कल्हई केलेल्या पातेल्याला वीज जोडली असती, तर आत मुंग्यांचं आम्ल तयार झालं असतं. हे तिला सांगायचं राहून गेलं.) लोखंड, निकेल, प्लॅटिनम यांना कार्बनमध्ये रसच नाही, ते पाणी फोडून हायड्रोजन सोडत बसतात. तांबं एकटंच असं, की कार्बनला कार्बन जोडून पुढचं काही घडवतं. जपानमधल्या चिबा विद्यापीठात योशिओ होरी यांनी १९८५-८६ मध्ये दाखवून दिलं, की तांब्याच्या अंगावर साध्या खोलीच्या तापमानात कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन आणि एथिलीन निघतं. मोनॉक्साइड करायला २ इलेक्ट्रॉन पुरतात. एथिलीनच्या एका रेणूला १२ लागतात. एवढे इलेक्ट्रॉन एकेक करून, क्रम न चुकता द्यायचे म्हणजे सोपं काम नव्हे. पुढे २०१२ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी नीट मोजलं, तर एकाच तांब्याच्या पत्र्यावर तब्बल १६ वेगवेगळे पदार्थ सापडले. एवढे उद्योग एकाच वेळी करणाऱ्या माणसाबद्दल गावात जे बोलतात तेच तांब्याबद्दल बोललं जातं: हुशार आहे, पण धरवत नाही.

एथिलीनचं एवढं काय, असं कुणी विचारलं तर मी एसटीत बसवते. श्रीवर्धनहून म्हसळा, माणगाव, कोलाड करत गाडी नागोठण्याला येते. तिथे पूर्वी आयपीसीएलचा आणि आता रिलायन्सचा असलेला पेट्रोकेमिकल कारखाना आहे. वायूतले इथेन-प्रोपेन ८०० अंशांच्या वर तापवून, फोडून तिथे एथिलीन करतात, आणि त्यातून पुढे पिशव्या, पाइप, डबे. तेच एथिलीन सतरा नंबर पाण्यात उभा राहून, थंड डोक्याने, नको असलेल्या वायूपासून करू पाहतो. २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचा शब्द दिला. दुसऱ्याच वर्षी, २०२२ मध्ये, केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने कार्बन पकडून वापरण्याच्या संशोधनासाठी आयआयटी मुंबईत राष्ट्रीय केंद्र मंजूर केलं, दुसरं बंगळूरला. तेव्हापासून या नखाएवढ्या पत्र्याकडे बघणारे डोळे वाढलेत. आणि जिथे सगळ्यांच्या आशा टांगलेल्या असतात, तिथे आकडे फुगायला वेळ लागत नाही.

आमचं घर श्रीवर्धनला, वाडीत. पुढे नारळ, मागे रोठा सुपारी, मधून पाटाचं पाणी. आजीच्या राज्यात तांब्याला मान होता. ताम्हण, पळी-पंचपात्र, न्हाणीघरातलं घंगाळ, परसातला बंब. ती असेपर्यंत देवघरात स्टीलला प्रवेश मिळाला नाही. वापरून उरलेली आमसुलं आणि चिमूटभर मीठ घेऊन ती ताम्हण घासायला बसायची, आणि काळवंडलेलं तांबं बघता बघता गुलाबी होऊन यायचं. तेव्हा ती जादू वाटायची. आता माहीत आहे, की आमसुलाचं आम्ल तांब्यावरचा ऑक्साइडचा थर विरघळवतं. सतरा नंबरचंही रोजचं अभ्यंगस्नान तसंच, फक्त आमसुलाऐवजी फॉस्फोरिक आम्ल, आणि त्यात त्याला विजेचं धन टोक लावून वरची कातडी जराशी सोलून काढायची. मग शुद्ध पाण्याच्या तीन आंघोळी. त्यानंतर त्याला उघड्या हाताने शिवायचं नाही, हवेत रेंगाळू द्यायचं नाही. सरळ सेलमध्ये.

आजीचं सोवळं मला आवडायचं नाही. महिन्यातले चार दिवस देवघराच्या उंबऱ्याशी उभी राहिले तरी आतून आवाज यायचा, ‘लांब हो गो!’ ते ऐकत मोठी झाले, मुंबईला आले, आणि आता मीच प्रयोगशाळेच्या दारात उभी राहून नव्या विद्यार्थ्यांवर ओरडते. हातमोजे कुठे आहेत? तो चिमटा स्टीलचा आहे, ठेव खाली! लांब हो! माझं मलाच हसू येतं. पण आजीच्या सोवळ्याला कुणी कधी पुरावा मागितला नाही आणि त्याने माणसं लांब ठेवली. माझ्या सोवळ्याला दर वेळी पुरावा द्यावा लागतो, आणि माणसांशी त्याचं काही भांडण नाही. त्याचं भांडण लोखंडाशी.

होरींच्या शोधानंतर ज्यांनी ज्यांनी तांबं हाताळलं, त्यांच्यापैकी अनेकांची एकच तक्रार होती. पत्रा सुरुवातीला छान चालतो, आणि मग दहा-वीस मिनिटांत, फार तर तासाभरात, मिथेन-एथिलीन आटतं आणि नुसता हायड्रोजन येऊ लागतो. दोष तांब्याला लागला. याला दमच नाही, हा आपल्याच अंगावर काजळी धरून गुदमरतो, असं छापूनही आलं. होरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये यावर सविस्तर लेख लिहिला आणि आरोपीची सुटका केली. गुन्हेगार निघाले द्रावणातले लोखंड आणि जस्त. शुद्ध म्हणून विकत घेतलेल्या रसायनात हे दहा लाखांत एका भागाहूनही कमी असतात. पण ते धन प्रभाराचे, पत्रा ऋण टोकाला. वीज सुरू होताच सरळ येऊन त्याच्या अंगावर बसतात. पंगतीत आगंतुकांनी पहिले पाट धरावेत तसे. मग कार्बन डायऑक्साइडला बसायला जागाच राहत नाही.

किती लोखंड लागतं याचा एकदा मी हिशेब मांडला होता. चौरस सेंटिमीटरभर पत्रा एका अणूच्या जाडीने पुरता झाकायला एका ग्रॅमचा साधारण साठ लाखावा हिस्सा पुरे. आणि आमचं गाव जांभ्यावर वसलेलं! जांभ्याचा तो तांबडा रंग लोखंडाचाच. गणपतीहून परतताना बॅगेच्या चाकांना, चपलांना, ओढणीच्या टोकाला ती धूळ चिकटून येते. घरच्यांनी दिलेली सुपारी, कोकम, पोह्याचे पापड प्रयोगशाळेत सगळे मिळून खातो, पण बाहेर, व्हरांड्यात. श्रीवर्धन माझ्या अंगावर असेपर्यंत मला सतरा नंबरला भेटता येत नाही.

उपायही मोठे गमतीचे आहेत. एक, द्रावणात आदल्या रात्री दुसराच एखादा इलेक्ट्रोड सोडून वीज चालू ठेवायची. लोखंड-जस्त त्याच्यावर जाऊन बसतं, सकाळी त्याला उचलून टाकायचं. स्वतः बाटून दुसऱ्याला सोवळ्यात ठेवणारा हा बिचारा कुठल्याच आलेखात दिसत नाही. दुसरा उपाय एमआयटीत २०१५ मध्ये अन्ना वुटिग आणि योगेश सुरेंद्रनाथ यांनी दाखवला. द्रावणात किंचित ईडीटीए घालायचं. ते धातूच्या अंशांना मिठी मारून बसतं आणि पत्र्यापर्यंत पोचूच देत नाही.

लोखंड निदान परकं तरी. समोरचा शेजारी जास्त धोक्याचा. विजेचं मंडळ पुरं करायला धन टोकाला दुसरा इलेक्ट्रोड लागतो आणि तिथे पूर्वापार प्लॅटिनम बसवायची पद्धत आहे. महाग, चकचकीत, अबोल. याच्यावर कोण संशय घेणार? पण धन टोकाला राहून राहून तो कणाकणाने झिजतो, विरघळतो आणि पलीकडे पोचून तांब्यावर जमतो. प्लॅटिनमला तर हायड्रोजनची भारी आवड. पुन्हा बदनामी पत्र्याची. आम्ही दोघांच्या मधे पडदा लावतो आणि शक्यतो प्लॅटिनमला बोलावतच नाही.

इतका वेळ मी सतरा नंबरची वकिली केली. आता दुसरी बाजू. न केलेल्या कामाचं श्रेय घ्यायलाही तो कमी करत नाही.

आमचा जमाखर्च असा चालतो. किती वीज गेली ते मोजता येतं. ९६,४८५ कूलोम म्हणजे एक मोल इलेक्ट्रॉन; हा आकडा फॅराडेच्या नावाचा. ५ मिलिअँपिअरने तासभर चालवलं की १८ कूलोम खर्ची पडतात. ती सगळी वीज एथिलीनमध्ये गेली असं धरलं, तरी हाती येणारं एथिलीन ०.४ मिलिलिटरही भरत नाही. म्हणजे चहाच्या चमच्याचा दहावा भागसुद्धा नाही, आणि तेही तासाभरात वाहून गेलेल्या लिटरभर कार्बन डायऑक्साइडमध्ये मिसळलेलं. ते हुडकून मोजायचं काम गॅस क्रोमॅटोग्राफचं. निघालेल्या एकेका पदार्थाला किती इलेक्ट्रॉन लागले असतील ते काढायचं, हायड्रोजनचेही धरायचे आणि बेरीज मारायची. ती शंभराच्या आसपास यायला हवी. ऐंशी आली तर काहीतरी निसटलं. शंभराच्या वर जाताच येत नाही. खिशात नसलेले पैसे कोण खर्च करणार?

सतरा नंबरने एका शुक्रवारी संध्याकाळी ११७ टक्के करून दाखवले. खरं सांगते, पहिली पाच मिनिटं मी बेरजेकडे पाहिलंच नाही. एथिलीनचा आकडा एवढा देखणा होता की लेखाचं शीर्षकसुद्धा मनात तयार झालं. मग बेरीज दिसली. रात्री साडेनऊपर्यंत साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन मी नळीचा एकेक सांधा तपासत होते. सेलच्या अलीकडच्या एका सांध्यावर बारीक फेस उठला. वायू मोजणारा मीटर सांगत होता त्यापेक्षा कमी वायू सेलमधून जात होता. त्यामुळे एथिलीन त्यात दाट दिसलं, आणि आम्ही त्या दाटपणाला मीटरच्या जुन्या आकड्याने गुणत बसलो. सहावा हिस्सा वायू बाहेर गळत होता, आणि गळतीचं पुण्य पत्र्याच्या खात्यावर जमा होत होतं. बेरीज जर योगायोगाने ९९ आली असती, तर? हा प्रश्न त्या रात्रीपासून माझ्या मानगुटीवर आहे. ११७ टक्क्यांनी मला वाचवलं.

तशा त्याच्या बारीकसारीक लबाड्या पुष्कळ आहेत. आपण म्हणतो ‘चौरस सेंटिमीटरमागे इतका प्रवाह’. पण खडबडीत पत्र्याचा चौरस सेंटिमीटर म्हणजे नेसलेली नऊवारी. कमरेपाशी वीतभर दिसते, निऱ्या सोडून अंथरली तर खोली भरते. नवा उत्प्रेरक दसपट हुशार आहे की त्याला फक्त दसपट निऱ्या आहेत, हे आधी मोजावं लागतं. व्होल्टचंही तेच. द्रावणाचा स्वतःचा अडथळा ४० ओहम असेल, तर ५ मिलिअँपिअरला ०.२ व्होल्ट नुसते वाटेतच खर्च होतात. ते वजा न करता दोन प्रयोगशाळांच्या पत्र्यांची कुस्ती लावली, की निकाल पंचांच्या लहरीवर. धक्क्यावर भरतीची खूण असते ना, तसा एक संदर्भ इलेक्ट्रोड सेलमध्ये असतो आणि सगळे व्होल्ट त्याच्यापासून मोजायचे असतात. खूणच सरकली तर समुद्राला बोल लावून काय फायदा? म्हणून आमच्याकडे एक संदर्भ इलेक्ट्रोड कधीच कामाला न लावता नुसता जपून ठेवलाय. बाकीचे त्याच्यापुढे उभे करून तपासायचे. घरातल्या म्हाताऱ्यांपुढे नेऊन उभं करतात तसे.

पण सतरा नंबरचा खरा कस लागतो तो उपासाच्या दिवशी. त्या दिवशी त्याला कार्बन डायऑक्साइड द्यायचाच नाही. त्याच्या जागी आरगॉन, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा वायू. द्रावणही बदलायचं, कारण बायकार्बोनेटच्या पोटातून कार्बन डायऑक्साइड निघतोच. ते काढून फॉस्फेटचं घालायचं. बाकी सगळं तसंच: तेच व्होल्ट, तोच वेळ, त्याच नळ्या. उपासाच्या दिवशी ताटात काही दिसलं, तर कुणीतरी चोरून खायला घालतंय हे उघड आहे. एकदा आम्हाला असं इथेनॉल दिसलं होतं. आदल्या दिवशी एका उत्साही मुलाने सेल अल्कोहोलने धुतला होता, इतकंच.

त्याच्याही पुढची परीक्षा कार्बन-१३ ची. निसर्गातल्या कार्बनमध्ये हा जड भाऊ शंभरात साधारण एकच असतो. जवळपास पूर्ण कार्बन-१३ चा बनवलेला कार्बन डायऑक्साइड विकत मिळतो. त्याचा सिलिंडर उघडताना आमच्याकडे देवाचं नाव घेतात, इतका तो महाग. तो पत्र्याला द्यायचा आणि निघालेल्या एथिलीनमध्ये कोणता कार्बन आहे ते बघायचं. तेरा असेल तर माल याचा. बारा निघाला तर तो पडद्यातून, डिंकातून, कुठूनही आलेला. बायकार्बोनेटही त्या दिवशी कार्बन-१३ चं घ्यावं लागतं, नाहीतर द्रावण आणि वायू आपसात कार्बन बदलून मोकळे होतात.

हे सगळं म्हणजे संशोधकांचा छळवाद आहे, असं नवी मुलं म्हणतात. त्यांना मी नायट्रोजनवाल्यांची गोष्ट सांगते. विजेने नायट्रोजनपासून अमोनिया केल्याचे दावे एके काळी धडाधड छापले जात होते. पण अमोनिया हवेत असतो, श्वासात असतो, हातमोज्यांवर असतो. २०१९ मध्ये डेन्मार्क, स्टॅनफर्ड आणि लंडनच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये तपासाची पद्धतच घालून दिली, जड नायट्रोजन-१५ वापरून. तिच्यापुढे अनेक दावे उभेच राहू शकले नाहीत. कार्बनवाल्यांनी त्याच्या आदल्या वर्षी, २०१८ मध्ये, आपल्यापुरते मोजणीचे नियम लिहून काढले होते. सगळेच ते पाळतात असं मात्र नाही.

या दिवाळीला घरी गेले तेव्हा सतरा नंबरच्या उपासाचा पंधरवडा नुकताच संपला होता. पहाटे आत्याने बंब पेटवला होता. हा बंब म्हणजे आमच्या घरातलं सगळ्यात जुनं तांबं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने वाडीतल्या निम्म्या सुपाऱ्या आडव्या केल्या, पडवीचं छप्पर नेलं, तेव्हा हा एका पोफळीखाली दबलेला सापडला. कुशीत पोचा आला, खाऱ्या वाऱ्याने कडेला हिरवा झाला, पण गळत नाही. नव्या पोफळींना अजून सुपारी धरायची आहे.

आत्या नारळाची सोडणं एकेक करून त्याच्या पोटात सारत होती. मधल्या नळीतून धूर सरळ वर चालला होता. मी मनात म्हटलं, याच्या पोटातून दोन पिढ्या कार्बन डायऑक्साइड वाहतोय. चहूबाजूंनी तांबंच तांबं, पलीकडे पाणी, आणि एथिलीनचा एक रेणू नाही. वीज कोण देणार त्याला!

‘तुझा तो पत्रा काय करतो गो हल्ली?’ आत्याने विचारलं.

‘पंधरा दिवस काहीच केलं नाही त्याने. त्याला खायलाच दिलं नव्हतं.’

‘मग?’

‘मग काही नाही. कागदावर सरळ रेघ. एक टिंबसुद्धा वर नाही.’

‘आणि त्यासाठी तू रात्री दीड वाजता फोन करून भावाला उठवलंस?’

मी मान डोलावली. तिने उरलेलं सोडण आत टाकलं, हात झटकले आणि बंबाची तोटी जराशी सोडून पाणी बोटावर घेऊन पाहिलं.

‘आता तापलंय,’ ती म्हणाली. ‘उटणं ठेवलंय ताम्हणात. त्या ताम्हणाला मात्र कसले प्रयोग करू नकोस.’